खाणीतील तांबे आणि विद्यापीठातील विज्ञान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याचा मान आपण आम्हांस दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे मनःपूर्वक ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी नोकरी प्राथमिक शाळेत मुलांना शिकविण्यात गेली. तेव्हा विद्वत्तेचा आव आणणे आम्हांस शोभणार नाही. परंतु विषय निवडण्याची मोकळीक चिटणीसांनी आम्हांस दिली आणि मंडळाच्या निधीचा विनियोग कसा व्हावा याविषयी यंदा आपल्यांत चर्चा चालू असल्याचेही कानांवर घातले. कोणी म्हणतात, मंगल कार्यालयावर मजला चढवावा. कोणी म्हणतात, शिष्यवृत्त्या वाढवाव्या. कोणी सुचवितात, मुलांच्या विज्ञानशिक्षणाची काही कायमची सोय करावी. या चर्चेस उपयोगी पडेल अशी एका परदेशी कुटुंबाची हकीकत आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत. ते कुटुंब म्हणजे अमेरिकेतील ॲगासिझ घराणे. बापाने विद्या मिळविली, मुलाने खाणीतून द्रव्य मिळविले आणि ते द्रव्य पुन्हा विद्येच्या चरणी वाहिले. दान कसे करावे, कोठे करावे आणि दान करताना कोणाचा विसर पडू देऊ नये, या तिन्ही गोष्टी या एका कुटुंबाच्या चरित्रातून शिकता येतात, असे आमचे मत आहे.

प्रथम पित्याविषयी. लुई ॲगासिझ यांचा जन्म १८०७ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. दगडांत सापडणाऱ्या प्राचीन माशांचा अभ्यास करून ऐन तारुण्यातच त्यांनी युरोपभर कीर्ती मिळविली. एके काळी पृथ्वीचा फार मोठा भाग बर्फाच्या थराखाली झाकलेला होता, हा हिमयुगाचा सिद्धान्त जगापुढे ठामपणे मांडणाऱ्यांत त्यांची गणना होते. परंतु विद्येत जेवढी त्यांची गती, तेवढीच व्यवहारात अधोगती. ग्रंथ छापण्यासाठी घातलेल्या खर्चापायी ते कर्जात बुडाले. १८४६ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि लवकरच हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे १८५९ मध्ये त्यांनी तुलनात्मक प्राणिशास्त्राचे संग्रहालय स्थापन केले. एका गृहस्थाने मृत्युपत्रान्वये ठेवलेले ५०,००० डॉलर आणि मॅसॅच्युसेट्स राज्याने दिलेले १,००,००० डॉलर हे त्या कार्याचे मुख्य भांडवल. लुई महाशय मात्र जगभरातून नमुने मागवीत राहिले. पेट्यांवर पेट्या येऊन पडल्या, त्या ठेवण्यास जागा नाही आणि लावण्यास माणसे नाहीत, अशी अवस्था नेहमीचीच झाली. पैसा मिळविण्यास आपणांस सवड नाही, असे ते म्हणत असत, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. घर चालावे व देणी फिटावी म्हणून त्यांच्या द्वितीय पत्नी एलिझाबेथ यांनी राहत्या घरी मुलींची शाळा काढली आणि ती कित्येक वर्षे चालविली. थोर पुरुषाच्या घरी विद्येची किंमत कोण मोजतो, याचे हे एक उदाहरण होय.

अशा घरात अलेक्झांडर वाढला. त्याचा जन्म १८३५ साली नशाटेल या स्विस गावी झाला. आईच्या मृत्यूनंतर, १८४९ मध्ये, तो वडिलांकडे अमेरिकेत आला. १८५५ मध्ये तो हार्वर्डचा पदवीधर झाला. १८५७ मध्ये त्याने इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि रसायनाचाही अभ्यास केला. आईच्या शाळेत त्याने शिकविण्याचे काम केले आणि वडिलांच्या संग्रहालयात मदतनिसाचे. समुद्रातील प्राण्यांचा अभ्यास हीच त्याची खरी आवड होती. परंतु हिशेबाची वही त्याच्याच हाती असल्यामुळे एक गोष्ट त्यास लवकर उमगली: केवळ विद्वत्तेच्या तेजावर संस्था चालत नाही. दिवा लावावयाचा तर तेल कोणीतरी आणावे लागते.

ते तेल त्यास कोठे मिळाले? मिशिगन राज्यात सुपीरियर सरोवरात घुसलेले कीविनॉ नावाचे एक द्वीपकल्प आहे. तेथील जमिनीत तांबे सापडते, आणि तेही निर्भेळ धातूच्या रूपात. बहुतेक ठिकाणी तांबे गंधकादिकांशी संयोग पावलेल्या खनिजाच्या रूपात असते; येथे मात्र ते जसेच्या तसे, लाल चकाकीसह, खडकाच्या सांध्यांत बसलेले आढळते. १८६० नंतरच्या दशकात कॅल्युमेट या ठिकाणी अशा तांब्याचा एक विलक्षण थर सापडला. तो खडक म्हणजे असंख्य गोटे एकमेकांस चिकटून झालेला, अत्यंत कठीण असा. अलेक्झांडरचे मेहुणे क्विन्सी ॲडम्स शॉ यांनी त्या खाणीत पुष्कळ पैसा गुंतविला होता. थर शोधून काढणाऱ्या गृहस्थांस शोध करण्याची दृष्टी होती. पण खाण चालविण्याची हातोटी नव्हती. त्यांनी उघड्या खड्ड्यातून खडक काढण्यास आरंभ केला आणि तो भरडण्यासाठी जी यंत्रे आणली ती त्या कठीण दगडापुढे टिकली नाहीत. भागधारक हवालदिल झाले. तेव्हा, १८६७ च्या मार्च महिन्यात, अलेक्झांडर स्वतः व्यवस्थापक म्हणून तेथे जाऊन राहिला.

त्या दीड वर्षाची कल्पना आपण करून पाहावी. लांबच लांब हिवाळा, पुरुषभर बर्फ, जवळ धड गाव नाही, नांगरण्याजोगी जमीन नाही. आणि मुक्कामास केंब्रिजच्या ग्रंथालयात वाढलेला प्राणिशास्त्रज्ञ. त्याने पद्धतशीर विहिरी खणून खडक वर काढण्याची व्यवस्था लावली, खाणीपासून काही मैलांवरील सरोवराच्या काठी खडक कुटण्याच्या गिरण्या उभारल्या आणि दोहोंस जोडणारा लोहमार्ग घातला. दगड कुटून पाण्याने धुतला, की हलका चुरा वाहून जाई आणि जड तांबे खाली बसे. आपल्याकडील सोनार दुकानाच्या केरातून धुऊन सोने काढणारे झारेकरी जे करीत, तेच हे, फक्त हजारो टनांच्या प्रमाणावर. १८६८ च्या शरदात तो परतला तेव्हा खाण मार्गी लागली होती. परंतु त्याची प्रकृती जी खालावली ती पुढे कधीच पूर्ववत झाली नाही. १८६९ मध्ये हेक्ला खाणीने व १८७० मध्ये कॅल्युमेट खाणीने पहिला लाभांश वाटला. १८७१ मध्ये दोन्ही खाणी एकत्र झाल्या आणि कॅल्युमेट व हेक्ला कंपनीचे अध्यक्षपद त्याच वर्षापासून अखेरपर्यंत, म्हणजे १९१० पर्यंत, अलेक्झांडरकडे राहिले. १८६८ ते १८८६ या काळात अमेरिकेत सर्वाधिक तांबे याच एका ठिकाणाहून निघत होते. संग्रहालयातील मदतनीस असा लक्षाधीश झाला.

आता आपण त्यांस अलेक्झांडरराव म्हणू या. कारण या पुढील चरित्र आदरास पात्र आहे.

१८७३ चा डिसेंबर महिना या कुटुंबावर वज्राघात करणारा ठरला. १४ तारखेस लुई ॲगासिझ निवर्तले. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, २२ तारखेस, अलेक्झांडररावांच्या पत्नी ॲना न्यूमोनियाने गेल्या. पदरी तीन लहान मुलगे. त्यांतील धाकटा दोन-अडीच वर्षांचा. त्या वेळी अलेक्झांडररावांचे वय अडतीस होते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. वडिलांचे अर्धे राहिलेले संग्रहालय पुरे करणे, हेच त्यांनी आपले व्रत मानले. १८७४ मध्ये त्यांनी त्या संग्रहालयाची सूत्रे हाती घेतली. इमारती वाढविल्या, नमुने ओळीने लावविले, ग्रंथालय भरविले, शास्त्रज्ञांस काम दिले, त्यांचे प्रबंध चित्रांसह छापविले. हार्वर्डला त्यांनी आपल्या हयातीत दिलेली रक्कम पाच लक्ष डॉलरांहून अधिक होती. ही रक्कम त्या काळची आहे, हे ध्यानात ठेवावे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. लुई ॲगासिझ यांच्या निधनानंतर अमेरिकेतील शाळाशाळांतून शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी लहानलहान वर्गणी जमवून संग्रहालयास पाठविली. ‘शिक्षक व विद्यार्थी निधी’ या नावाने ती हार्वर्डच्या हिशेबात वेगळी ठेवण्यात आली. कोट्यधीशाच्या लक्षावधी डॉलरांशेजारी खेड्यातील पोरांच्या नाण्यांस स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र नाव मिळावे, यात त्या संस्थेचा थोरपणा दिसतो. आपल्या मंडळाच्या अहवालात मोठ्या देणगीदारांची छायाचित्रे छापतात, ते योग्यच आहे. परंतु अकरा रुपये देणाऱ्या विधवा भगिनीचे नावही त्याच टाइपात छापले जावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

आता दान कसे करावे याविषयी. पैसा देऊन मोकळे होणारे दाते पुष्कळ असतात. अलेक्झांडररावांनी पैशाबरोबर आपल्या धंद्याचे ज्ञानही विज्ञानास दिले. याची दोन उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण दोराचे. खोल समुद्राच्या तळाशी कोणते प्राणी राहतात हे पाहावयाचे, तर तळ खरवडणारी जाळी जहाजावरून मैल-दोन मैल खोल सोडावी लागते. त्यासाठी तागाचे जाडजूड दोरखंड वापरीत. ते जहाजावर अतोनात जागा अडवीत आणि खाली सोडून वर ओढण्यात सारा दिवस जाई. खाणीतून खडकाचे डबे वर ओढण्यास पोलादी तारांचा दोर किती उपयोगी पडतो, हे अलेक्झांडररावांस कॅल्युमेट येथे रोज दिसत होते. १८७७ ते १८८० या काळात ‘ब्लेक’ या सरकारी जहाजावरून त्यांनी ज्या सफरी केल्या, त्यांत तागाऐवजी हा पोलादी दोर वापरला. जागा वाचली, वेळ वाचला आणि एका दिवसात पूर्वीच्या कितीतरी पट काम होऊ लागले. पुढे समुद्रविज्ञानात हीच पद्धत रूढ झाली. खाणीच्या विहिरीतला दोर समुद्राच्या विहिरीत उतरला, तो असा.

दुसरे उदाहरण उष्णतेचे. जमिनीखाली जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते, हे सर्वश्रुत आहे. पण किती खोलीस किती वाढते? त्या काळी साधारणतः पन्नास-साठ फुटांस फॅरनहाइटचा एक अंश असे मानीत. आपली खाण जगातील अत्यंत खोल खाणींपैकी एक आहे, तेव्हा तिचा या कामी उपयोग का करू नये, असे अलेक्झांडररावांच्या मनात आले. खडकात भोके पाडून त्यांत उष्णतामापके ठेवविण्यात आली. १०५ फूट खोलीवर खडकाची उष्णता ५९ अंश भरली आणि ४,५८० फूट खोलीवर ७९ अंश. म्हणजे ४,४७५ फुटांत अवघे २० अंश. सुमारे २२४ फुटांस एक अंश. हा निष्कर्ष त्यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा प्रचलित समजुतीहून तो इतका निराळा असल्यामुळे शास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली. आम्ही शिक्षक असल्यामुळे हे गणित आम्हांस फार आवडते. सातवीतल्या मुलास ते फळ्यावर करता येते, आणि तरी त्यात भूगर्भाचा प्रश्न सामावलेला आहे. नफ्यासाठी खणलेल्या विहिरीतून मालकाने एक प्रश्नही वर काढला, हे यातील मर्म होय.

दान कोठे करावे आणि ते टिकावे कसे, याविषयीचा धडा मात्र एका अपयशातून मिळतो. १८७३ च्या उन्हाळ्यात लुई ॲगासिझ यांनी पेनिकीज नावाच्या एका लहानशा बेटावर निसर्गशास्त्राची शाळा उघडली. ती होती शाळामास्तरांसाठी! न्यूयॉर्कच्या जॉन अँडरसन नामक व्यापाऱ्याने ते बेट आणि ५०,००० डॉलर दिले. सुमारे पन्नास शिक्षक व शिक्षिका तेथे जमल्या. पुस्तक मिटून ठेवा आणि प्राणी हातात घेऊन पाहा, ही तेथील शिकवण. हिवाळ्यात लुई वारले. दुसऱ्या उन्हाळ्यात अलेक्झांडररावांनी स्वतः शाळा चालविली. परंतु राज्याराज्यांच्या शिक्षणखात्यांकडून तिला कायमचा आधार मिळेना. दरसालच्या खर्चाची तरतूद नसल्यामुळे दोन उन्हाळ्यांनंतर शाळा बंद पडली. उत्तम गुरू होते, उत्साही शिष्य होते, बेट होते, इमारत होती. नव्हते ते फक्त दरसालचे उत्पन्न.

तरीही बीज वाया गेले नाही. अलेक्झांडररावांनी न्यूपोर्ट येथे आपल्या घराजवळ स्वखर्चाने प्रयोगशाळा बांधली आणि पुष्कळ वर्षे ती विद्यार्थ्यांस व शिक्षकांस उन्हाळ्यात खुली ठेवली. पेनिकीजच्या वर्गात बसलेले चार्ल्स व्हिटमन हे पुढे १८८८ मध्ये वुड्स होल येथे स्थापन झालेल्या सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले, आणि ती संस्था आजही जगप्रसिद्ध आहे. दोन उन्हाळे चाललेल्या शिक्षकवर्गाचे हे फळ.

या घराण्यात दान हे एका पुरुषापुरते नव्हते, हेही सांगितले पाहिजे. घरी शाळा चालविणाऱ्या एलिझाबेथ ॲगासिझ यांनी पुढे हार्वर्डच्या प्राध्यापकांकडून स्त्रियांस उच्च शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली, आणि १८९४ मध्ये जे रॅडक्लिफ महाविद्यालय मान्यता पावले त्याच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. अलेक्झांडररावांची बहीण पॉलीन शॉ यांनी बोस्टनमधील गरिबांच्या मुलांसाठी मोफत बालवाड्या काढल्या. १८८३ पर्यंत अशा ३१ बालवाड्यांचा खर्च त्या सोसत होत्या. दुसरी बहीण आयडा यांचे पती हेन्री ली हिगिन्सन यांनी बोस्टनचा वाद्यवृंद स्थापिला आणि हार्वर्डला क्रीडांगण दिले. अलेक्झांडररावांचे ज्येष्ठ पुत्र जॉर्ज यांनी हार्वर्डच्या वेधशाळेस साहाय्य केले आणि तिच्या एका केंद्रास पुढे त्यांचे नाव देण्यात आले. आजोबांनी मासे पाहिले, वडिलांनी समुद्राचा तळ पाहिला, नातवाने ताऱ्यांच्या अभ्यासास हात दिला.

विज्ञानास दिलेल्या दानाचा एक विशेषही येथे सांगतो. देवळास कळस दिला तर कळस दिसतो. विज्ञानास दिलेल्या पैशातून दात्याचेच मत खोटे ठरण्याचा संभव असतो. प्रवाळांची कंकणाकृती बेटे कशी बनतात, याविषयी डार्विन यांचे मत असे, की समुद्रातील पर्वत हळूहळू खचत जातो आणि प्रवाळ वर वर वाढत राहतात. अलेक्झांडररावांस हे पटत नसे. १८८१ मध्ये डार्विन यांनी त्यांस पत्र लिहून इच्छा प्रदर्शित केली, की एखाद्या धनाढ्य गृहस्थाने या बेटांत खोल छिद्रे पाडून काय ते पाहावे. अलेक्झांडररावांनी स्वतःच्या खर्चाने बहामा, ऑस्ट्रेलियाचा किनारा, फिजी आणि पॅसिफिकमधील असंख्य बेटे पालथी घातली. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, १९०१-०२ च्या हिवाळ्यात, कोलंबोहून ‘आम्रा’ हे जहाज भाड्याने घेऊन ते आपल्या हिंदी महासागरातील मालदीव बेटेही पाहून आले. २७ मार्च १९१० रोजी, इंग्लंडहून परतताना, भर समुद्रात ‘एड्रिअ‍ॅटिक’ जहाजावर त्यांचे देहावसान झाले. पुढे १९५२ मध्ये एनेवेटॉक या बेटात ४,००० फुटांहून खोल छिद्र पाडण्यात आले, तेव्हा प्रवाळांच्या प्रचंड थराखाली ज्वालामुखीचा खडक लागला आणि डार्विन यांचे म्हणणे खरे ठरले. मग अलेक्झांडररावांचे द्रव्य वाया गेले काय? मुळीच नाही. त्यांनी जमविलेले नमुने, काढलेले नकाशे आणि मोजलेली खोली ही सारी शिल्लक राहिली. मत पडले, पुरावा राहिला.

शिवाय उदाहरणाने उदाहरण वाढते. त्यांचे स्नेही सर जॉन मरे हेही समुद्रशास्त्रज्ञ. ख्रिसमस बेटावरील फॉस्फेटच्या खाणींतून त्यांना धनलाभ झाला. त्यांनी अलेक्झांडररावांच्या नावाने पदक ठेवले, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या द्रव्यातून १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावरून अरबी समुद्राचे संशोधन झाले. आपल्या कोकणच्या किनाऱ्याशी ज्याच्या लाटा येतात त्या समुद्राच्या तळाची पुष्कळ माहिती जगास अशा रीतीने एका खाणीच्या उत्पन्नातून मिळाली.

आता, ज्यांचा विसर पडू देऊ नये असे आम्ही आरंभी म्हणालो, त्यांच्याविषयी. केवळ स्तुती गाणे हे शिक्षकाचे काम नव्हे. लुई ॲगासिझ हे थोर शास्त्रज्ञ खरे. परंतु मानवी वंश वेगवेगळे निर्माण झाले असून त्यांत जन्मतःच उच्चनीचता आहे, असे ते प्रतिपादीत. आपल्या मताच्या पुष्ट्यर्थ १८५० मध्ये त्यांनी दक्षिण कॅरोलिनात गुलामगिरीत असलेल्या स्त्रीपुरुषांची विवस्त्र छायाचित्रे काढविली. त्यांस संमती कोणी विचारली नव्हती. ती छायाचित्रे हार्वर्डच्या ताब्यात दीर्घकाळ राहिली. त्यांवरून न्यायालयात वाद झाला आणि २०२५ मध्ये ती चार्ल्स्टन येथील आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयाच्या स्वाधीन करण्याचे हार्वर्डने मान्य केले. विज्ञानाने लुई यांचे ते मत केव्हाच टाकून दिले आहे. जन्मावरून माणसाची प्रत ठरविण्याची चूक एवढ्या विद्वानासही टाळता आली नाही, हे ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून तरी अवश्य सांगितले पाहिजे. आपण एकत्र जमतो ते परस्परांस हात देण्यासाठी; कोणास खाली लेखण्यासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट खाणकामगारांची. कंपनीने कॅल्युमेट येथे घरे बांधली, शाळा, ग्रंथालय व दवाखान्याची सोय केली. परंतु कामगारांनी संघटना करून बरोबरीने बोलावे, हे मालकांस कधीच रुचले नाही. अलेक्झांडररावांच्या पश्चात, जुलै १९१३ मध्ये, त्या प्रदेशात मोठा संप झाला. दोघांनी चालवावयाच्या छिद्रयंत्राऐवजी एकट्याने चालविण्याचे यंत्र आणल्यामुळे काम जाईल, आणि खोल अंधारात एकट्यास अपघात झाला तर हाक ऐकणारे कोणी नसेल, ही कामगारांची भीती होती. पगार, कामाचे तास आणि संघटनेस मान्यता या मागण्या होत्याच. २४ डिसेंबर १९१३ च्या सायंकाळी संपकऱ्यांच्या मुलांसाठी नाताळचा समारंभ चालू असता कोणीतरी ‘आग’ अशी आरोळी दिली. आग नव्हती, परंतु जिन्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत सत्तरांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत बहुतेक मुले होती. संप पुढे १९१४ च्या एप्रिलमध्ये मिटला. मागण्या मात्र पुऱ्या पदरात पडल्या नाहीत. हार्वर्डच्या संग्रहालयात काचेच्या पेटीतील शंख पाहताना या मुलांची आठवण कोणी करीत असेल की नाही, नकळे. परंतु दानाच्या हिशेबात देणाऱ्याच्या नावाखाली खणणाऱ्यांची नावेही असतात, ती वाचता आली पाहिजेत. आपल्या मंडळाच्या निधीतही दुकानातील नोकरांचे, शेतावरील गड्यांचे आणि घरातील स्त्रियांचे कष्ट आहेत. म्हणूनच त्या निधीवर समाजातील सर्वांचाच काही ना काही हक्क पोहोचतो, असे आम्ही मानतो.

अमेरिकेत खाणीच्या पैशातून संग्रहालय पुरे झाले; आपल्याकडे संग्रहालयाने खाणीची वाट दाखविल्याची कथा आहे. १९०४ मध्ये दोराबजी टाटा लोखंडाच्या शोधात चांदा जिल्ह्यात हिंडत होते. तेथील लोहाऱ्याचे खनिज कारखान्यास सोयीचे पडेना. नागपुरास एका अधिकाऱ्याची वाट पाहत असता ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि भिंतीवरील भूस्तरांच्या नकाशात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण त्यांनी पाहिली, असे सांगतात. तो नकाशा प्रमथनाथ बोस या भूशास्त्रज्ञांच्या कामावर आधारलेला होता. याच बोस यांनी पुढे मयूरभंजच्या लोहखनिजाकडे टाटांचे लक्ष वेधले. दोराबजींचे वडील जमशेटजी यांनी विज्ञानसंस्थेसाठी आपली मुंबईतील मालमत्ता देऊ केली होती. त्यातूनच १९०९ मध्ये बंगलोरची विज्ञानसंस्था स्थापन झाली. तिचे दार पारश्यांपुरते ठेवावे, असे त्या दात्याच्या मनातही आले नाही.

आता आम्ही आमच्या मुद्द्यावर येतो. आम्ही ज्या शाळांतून नोकरी केली, त्यांपैकी एका शाळेत साठ मुलांच्या वर्गास एकच उष्णतामापक होता. तोही कपाटात कुलूपबंद. कारण फुटला तर त्याची किंमत शिक्षकाच्या पगारातून कापली जाई. मुले पुस्तकातील चित्र पाहत आणि शंभर अंशांस पाणी उकळते असे पाठ करीत. पाणी उकळताना पारा कोठे थांबतो, हे डोळ्यांनी पाहिलेली मुले त्या शाळेतून फार थोडी बाहेर पडली असतील. त्यांतील कोणी मूल अलेक्झांडर झाले असते की नाही, हे कोण सांगणार? परंतु तसे होण्याची वाट त्या कुलपाने बंद केली होती, एवढे निश्चित.

यास्तव आमची सूचना अशी. मंगल कार्यालयाचा मजला दोन-चार वर्षांनी चढला तरी लग्ने अडणार नाहीत. गरजू ज्ञातिबंधूंच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या आहेत तशा चालू राहाव्यात. त्यांस हात लावू नये. उरलेल्या निधीतून एक वेगळा कायम निधी काढावा, मुद्दल कधीही मोडू नये, आणि व्याजातून दरसाल दोन कामे करावी. पहिले, तालुक्यातील एकेका शाळेस विज्ञानाचे साहित्य द्यावे, आणि ते देताना लेखी अट घालावी, की साहित्य मुलांच्या हाती दिले जाईल व फुटल्यास भरपाई निधीतून होईल, शिक्षकाकडून नव्हे. दुसरे, दर उन्हाळ्यात शिक्षकांसाठी आठ दिवसांचा प्रयोगवर्ग भरवावा. पेनिकीजचा वर्ग दरसालच्या उत्पन्नाअभावी बंद पडला. आपला तसा पडू नये म्हणून मुद्दल आधी आणि उद्घाटन नंतर, हा क्रम ठेवावा. आपल्या समाजात डॉक्टर आहेत, विद्युत-कारागीर आहेत, यंत्रशाळांत काम करणारे आहेत. त्यांनी वर्गणी द्यावीच, परंतु वर्षातून एक दिवस शाळेत जाऊन आपल्या धंद्यातले ज्ञानही द्यावे. तो पोलादी दोर विसरू नका.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: पैसा ज्ञातीचा, मग लाभ सर्व मुलांस का? आपल्याच घरी गरजू थोडे का आहेत? आमचे उत्तर असे, की शिष्यवृत्ती एका मुलाची असते, पण शाळेतील प्रयोग सगळ्या वर्गापुढे होतो. आपल्या मुलास बाकावर बसवून शेजारच्या मुलास बाहेर उभे करता येणार नाही, आणि करता आले तरी करू नये. आपला मुलगा जे शिकेल ते शेजारच्या मुलाशी वाद घालून, त्याच्याबरोबर मोजून, त्याच्या चुका काढून आणि त्याच्याकडून आपल्या काढवून शिकेल. विज्ञान एकट्याने शिकता येत नाही, तसेच एकट्या ज्ञातीनेही शिकता येत नाही.

कॅल्युमेटची खाण आता चालत नाही. १९६८ च्या संपानंतर ती कायमची बंद पडली. विहिरींत पाणी भरले. ज्या कंपनीच्या भागांस एके काळी बोस्टनच्या बाजारात मान होता, तिचे नाव आज इतिहासाच्या पुस्तकात शोधावे लागते. हार्वर्डचे संग्रहालय मात्र उघडे आहे, आणि शाळेतील मुले तेथे आजही येतात. आपल्या कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा; पटल्यास येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठराव ठेवावा. निधीच्या पहिल्या वर्गणीदारांत आमच्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम लिहून घ्यावी, अशी चिटणीसांस विनंती आहे.